कुंपणावरचा हॅकमन

"तुला सांगते, त्या हॅकमनच्या बापाने पोराला नुसता हात केला आणि निघून गेला."

कढीपत्त्याची फांदी भिंतीवरून आपल्याकडे वाकवता वाकवता काकूंनी हे सांगितलं. मला वाटलं, मागच्या गल्लीत कुणी नवं बिऱ्हाड आलंय. काकू सोसायटीच्या सेक्रेटरीबद्दल आणि हॉलिवूडच्या नटाबद्दल एकाच आवाजात, एकाच अधिकाराने बोलतात. कोण कुठला ते ऐकणाऱ्याने आपलं आपण ओळखायचं.

"कोण हॅकमन?"

"जीन हॅकमन गं. 'सुपरमॅन'मधला लेक्स ल्युथर म्हटलं की पेटेल तुझी ट्यूब. तेरा वर्षांचा होता. रस्त्यावर खेळत होता. बापाची गाडी समोरून गेली. बापाने आतून हात हलवला. थांबला नाही, बोलला नाही. आणि पोराला तेवढ्यावरून कळलं की हा काही आता घरी येत नाही."

"आणि आला नाही?"

"घर म्हणून नाही आला. डॅनव्हिल म्हणून गाव आहे, इलिनॉय राज्यात. तिथे आजीच्या घरात राहायचे हे लोक. बाप गावच्या वर्तमानपत्राच्या छापखान्यात मशीनवर होता. जन्म मात्र कॅलिफोर्नियातला, १९३० सालचा."

"तीस जानेवारी," व्हरांड्यातून काका म्हणाले. वर्तमानपत्राच्या आडून फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या. शब्दकोडं चाललं होतं.

"बघ, ऐकतायत. भाजी आणा म्हटलं की ऐकू येत नाही." काकूंनी आवाज खाली आणायचा प्रयत्न केला, जो त्यांना कधीच जमत नाही. "तर तो हात. सत्तरी उलटल्यावर एका मुलाखतीत हे सांगताना गळा दाटून आला त्याचा, समोर नाट्यशाळेतली पोरं बसलेली. त्याचं म्हणणं असं की एवढ्याशा हालचालीत किती काय मावतं ते त्या दिवशी समजलं, आणि कदाचित म्हणूनच आपण नट झालो. आता बोल."

मी काय बोलणार? कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या होत्या, तिसरी व्हायची होती.

"आई होती ना पण?"

"होती. तिच्याबरोबर सिनेमाला गेला होता एकदा. बाहेर पडताना ती म्हणाली, तुला एक दिवस हे करताना बघायचंय मला. पण बघायला राहिली नाही. १९६२ मध्ये गेली, आगीत. सिगारेट ओढता ओढता आग लागली. तेव्हा हा न्यूयॉर्कमध्ये धक्के खात होता, याला कुत्रं विचारत नव्हतं."

"अगंबाई."

"सोळाव्या वर्षी वय खोटं सांगून मरीनमध्ये शिरलेला, चीनमध्ये होता, रेडिओवर. सुटल्यावर हे कर, ते कर. म्हणजे नट व्हायचं ठरवून पॅसाडेनाच्या नाट्यशाळेत गेला, तेव्हा पंचविशी उलटून गेलेली. बाकीची पोरं गोरीगोमटी, दात पांढरे, समुद्रकिनाऱ्यावरची. आणि त्यांच्यात हा एक थोराड. दुसरा होता तो बुटका, मोठ्या नाकाचा."

"कोण?"

"डस्टिन हॉफमन! या दोघांची गट्टी जमली. आणि वर्गाने मत दिलं, पुढे काहीएक करून दाखवणार नाहीत अशी दोन माणसं कोण? तर हे दोघे."

काकूंना या मतदानाचा एवढा राग येतो की जणू मतपत्रिका त्यांच्या हातून मोजल्या गेल्या होत्या. मी विषय बदलायला म्हणून हॉफमनचं विचारलं, आणि चांगलीच अडकले.

"तो हॉफमन न्यूयॉर्कला आला आणि याच्या घरी उतरला. थोडे दिवस म्हणून आला नि हलेचना. हॅकमनचं लग्न झालेलं, जागा इवलीशी. हॉफमन स्वयंपाकघरात जमिनीवर झोपायचा. शेवटी यानेच त्याची सोय रॉबर्ट ड्युव्हालकडे लावून दिली. तो 'गॉडफादर'मधला वकील गं, टॉम हेगन. तिघंही तेव्हा फाटके. आणि ते बरण्यांचं तर तुला सांगितलंच नाही!"

"ते मी सांगतो," काका म्हणाले. चपला उठल्या, मागोमाग काका उठले. बँकेत होते ते, आणि पैशाचा विषय निघाला की त्यांना बसवत नाही. "उमेदवारीच्या दिवसांत हॉफमन हॅकमनला म्हणाला, उसने पैसे दे, जेवायचे वांधे आहेत. हॅकमन त्याच्या स्वयंपाकघरात गेला तर तिथे काचेच्या बरण्या मांडलेल्या. एकीवर भाडं लिहिलेलं, एकीवर पुस्तकं, असं करत. आणि आत पैसे! हॅकमन म्हणाला, अरे, हे काय? तर हॉफमनने जेवण लिहिलेली बरणी दाखवली. रिकामी. भाड्याच्या बरणीतला पैसा जेवणाला कसा लावणार?"

"आमच्या सासूबाईंचं तसंच होतं," काकू म्हणाल्या. "तुरीच्या डब्यात दुधाचे पैसे, मुगाच्या डब्यात पेपरचे. घरावर जप्ती आली असती तरी मुगाच्या डब्याला हात लागला नसता."

"अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या रिचर्ड थेलरने ही बरण्यांची गोष्ट आपल्या पुस्तकात घातली आहे," एवढं सांगून काका परत कोड्याकडे गेले. त्यांचं काम झालं होतं.

तिसरी शिट्टी झाली. मी आत जाऊन गॅस बंद करून आले, तर काकू तिथेच. हातात आता कढीपत्त्याबरोबर माझी दोन लिंबंही होती.

"हां, तर टाइम्स स्क्वेअर. हॉवर्ड जॉन्सनच्या हॉटेलाबाहेर हा दरवान. गणवेश घालून दार उघडायचं. आणि एक दिवस समोरून कोण यावं? कुणी म्हणतं, पॅसाडेनाचे मास्तर. कुणी म्हणतं, मरीनमधला वरचा अधिकारी. कुणी का असेना, त्याने याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, तुझं काही होणार नाही हे मला ठाऊकच होतं."

"असं तोंडावर?"

"तोंडावर. आणि तू आता म्हणशील की तेव्हाच त्याने ठरवलं, दाखवून देतो. सगळे असंच सांगतात ही गोष्ट. मला नाही तेवढं पटत. अपमानाने माणूस जिद्दीला पेटतो हे ठीक, पण जिद्दीने अभिनय येत नाही. जिद्दी नट मी चिक्कार बघितलेत. तो आला तो जॉर्ज मॉरिसन म्हणून मास्तर होते त्यांच्याकडे घासून घासून, आणि दिवसा फर्निचर वाहून, बूट विकून. दुसऱ्यांच्या घरात कपाटं चढवताना माणसं काय बघायला मिळत असतील, याचा विचार कर."

हा काकूंचा आवडता सिद्धांत आहे. सामान वाहणारा माणूस घरात असतो आणि नसतोही, त्याच्यासमोर घरातली माणसं बिनधास्त भांडतात. हॅकमनने असं कुठे म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही. पण काकूंच्या सिद्धांतांना असल्या आधाराची गरज नसते, आणि हा सिद्धांत मला पटतो.

"आणि चेहरा बघ त्याचा. हिरोचा आहे? स्वतःच म्हणायचा, मी खाणीतल्या मजुरासारखा दिसतो. पोलिस करा, पाद्री करा, शाळेत बास्केटबॉल शिकवणारा करा, अमेरिकेचा अध्यक्ष करा, कुठेही बसतो. पॉल न्यूमनला पोलिस केला तर आपण पॉल न्यूमनला बघतो. याला केला की पोलिसाला बघतो."

"मग नशीब उघडलं कधी?"

"वॉरन बिटीबरोबर 'लिलिथ'मध्ये एक बारकं काम केलं होतं १९६४ ला. बिटीने लक्षात ठेवलं आणि 'बॉनी अँड क्लाइड'मध्ये भावाचं काम दिलं. ऑस्करचं नामांकन मिळालं. त्याच १९६७ साली 'द ग्रॅज्युएट'मधून काढूनही टाकला हं त्याला, तालमी चालू असताना. मिस्टर रॉबिन्सनचं काम होतं, त्याला हा फारच तरुण दिसत होता. आणि त्यात मुख्य काम कुणाचं? स्वयंपाकघरात झोपणाऱ्याचं!"

काकू इथे एवढ्या हसल्या की भिंतीवरचं मांजर उडी मारून गेलं.

"मैत्री तुटली असेल."

"छे. तेच तर. पण एका पडद्यावर यायला २००३ उजाडावं लागलं. 'रनअवे ज्युरी'. त्यातसुद्धा दोघांचा समोरासमोर सीनच नव्हता, मागाहून लिहून घातला. कोर्टाच्या स्वच्छतागृहातला. नुसते दोन म्हातारे एकमेकांवर गुरगुरतात. बाकी सिनेमा ठीकठाक आहे, पण तेवढ्यासाठी बघ."

मग काकू भिंतीला रेलल्या. त्या अशा रेलल्या की समजायचं, आता मुख्य गोष्ट येणार, आमटीला फोडणी आपली आपण पडली तर पडली.

"'द फ्रेंच कनेक्शन' बघितलायस?"

"गाडीचा पाठलाग आहे तोच ना?"

"सगळे पाठलागच सांगतात. आहेच तो भारी. वरून पुलावरून लोकल चाललीये, तिच्यात खुनी, आणि खालच्या रस्त्यावरून हा गाडी हाणतोय. ब्रुकलिनमध्ये खऱ्या रस्त्यावर केलं सगळं. एका बिचाऱ्या रहिवाशाची गाडी खरोखरच आडवी आली आणि धडकली, तर तो शॉट तसाच ठेवून दिला. पण मी तुला दुसरं सांगते. पोलिस आहे ना हा, पॉपाय डॉईल, तो थंडीत रस्त्यावर उभा राहून त्या फ्रेंच स्मगलरवर पाळत ठेवतो. फ्रेंच माणूस समोरच्या हॉटेलात, काचेच्या आत, उबेत, पांढऱ्या टेबलावर, एकामागून एक पदार्थ येतायत. आणि हा बाहेर पायावर पाय आपटत गार पिझ्झा खातोय. कुणीतरी कागदी पेल्यात कॉफी आणून देतं. एक घोट घेतो आणि ओतून टाकतो रस्त्यावर. एक अक्षर बोलत नाही. त्या ओतण्यात बघ, त्याला तो फ्रेंच माणूस का हवाय ते सगळं आहे. कायदाबियदा काही नाही. जळफळाट आहे."

"हा तुमचा बापाच्या हातासारखा प्रकार."

"आत्ता कसं बोललीस!" काकूंनी एक लिंबू परत केलं. बक्षीस म्हणून असावं.

"पण हे काम त्याला नको होतं. खरा पोलिस होता, एडी ईगन, त्याच्यावरून बेतलेलं पात्र. हॅकमन त्याच्याबरोबर रात्री फिरला. तो ज्या तऱ्हेने काळ्या पोरांना भिंतीला लावायचा, जी भाषा वापरायचा, ते बघून याला कसंतरीच झालं. चित्रीकरण सुरू झालं तर याला समोरच्याला धड थोबाडीत मारता येईना. म्हणाला, मला सोडा, दुसरा कुणी बघा. दिग्दर्शक विल्यम फ्रिडकिन महा खट. त्याने याला सोडलं नाही, उलट मुद्दाम डिवचून डिवचून चिडवत ठेवलं. तो पडद्यावरचा राग निम्मा फ्रिडकिनवरचा आहे."

"फ्रिडकिनला तरी हा कुठे हवा होता?" काका.

"तेही आहे. यादीत याच्या वर बरेच होते. जिमी ब्रेसलिन म्हणून वर्तमानपत्रात लिहिणारा एक होता, त्याला घेऊन बघितलं, तर त्याला गाडी चालवता येत नाही! पाठलागाचा सिनेमा आणि गाडी येत नाही. पीटर बॉइलला विचारलं, तो नको म्हणाला. हे नाव लक्षात ठेव, पुढे सूप आहे."

"सूप?"

"थांब की. तर १९७२ ला या कामाचं ऑस्कर मिळालं. बेचाळिशीत. आणि त्यानंतर दोन वर्षांनी त्याने जे केलं, ते काल रात्री मी पुन्हा बघितलं आणि मला झोप लागली नाही."

'द कॉन्व्हर्सेशन'. १९७४. फ्रान्सिस फोर्ड कपोलाचा, दोन गॉडफादरांच्या मधला. हा मीही पाहिला होता, पण काकूंना ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी प्रश्न विचारले असते.

"हॅरी कॉल. दुसऱ्यांचं बोलणं चोरून टेप करणं हा त्याचा धंदा. आपल्याबद्दल मात्र कुणाला काही कळू द्यायचं नाही. पाऊस असो नसो, अंगात पातळ प्लॅस्टिकचा रेनकोट. दाराला कुलपावर कुलपं. आणि एक दिवस घरी येतो तर आत वाइनची बाटली ठेवलेली. वाढदिवस त्याचा. घरमालकिणीने ठेवली, प्रेमाने. दुसरा कुणी खूश झाला असता. हा तिला फोन लावतो, की तुमच्याकडे माझ्या घराची किल्ली आली कुठून? आवाज चढवत नाही हं. अगदी सभ्यपणे. पण फोनवर बोलता बोलता त्याच्या अंगाला घाम फुटलाय असं आपल्याला वाटतं."

इथे मला आठवलं, आमच्या घराची एक किल्ली काकूंकडे असते, आणि त्यांची आमच्याकडे. काकूंनाही आठवलं असावं, कारण त्या क्षणभर थांबल्या.

"आपलं वेगळं," त्या म्हणाल्या.

"हो, आपलं वेगळं."

"तर त्यात तो काय करतो सांगू? काही करत नाही. टेप लावतो, मागे नेतो, परत लावतो. तेच वाक्य. परत. यात नट काय दाखवणार? चेहरा नुसता ऐकतोय. पण पहिल्यांदा ऐकतो तो कारागीर असतो, आवाज स्वच्छ आला का एवढंच बघणारा. पाचव्यांदा ऐकतो तेव्हा तो घाबरलेला माणूस असतो. मधे कधी बदललं ते मी काल डोळे फाडून शोधत होते. सापडलं नाही. बोटं बटणावर आहेत, मान किंचित तिरकी, चष्म्यावर दिवा पडलाय, बास. आपल्याकडे म्हणतात ना, अमक्याने काय संवाद टाकलाय! टाकणं सोपं गं. ऐकणारा नट दाखव मला."

"आणि तो सॅक्सोफोन? खरंच वाजवतो?"

"शिकला त्या कामासाठी. म्हणजे बघितलायस तू!"

पकडली गेले. काकूंनी मात्र ते मनावर घेतलं नाही. शेवट मोकळेपणी बोलता येणार याचाच आनंद झाला त्यांना. आपल्याच घरात कुणीतरी ध्वनियंत्र लपवलंय म्हणून हॅरी भिंतीचा कागद फाडतो, फळ्या उखडतो, मेरीची मूर्तीसुद्धा फोडतो, आणि उद्ध्वस्त घरात वाजवत बसतो. काकूंचं म्हणणं, ती मूर्ती तो सगळ्यात शेवटपर्यंत टाळत असतो, तेवढ्या दोन-तीन वेळा बघून न बघितल्यासारखं करण्यात त्या माणसाचा सगळा देवभोळेपणा आहे. मी पुन्हा बघेन तेव्हा तेच बघणार आहे.

"काकू, हा तोच ना हो, ज्याची बायको आधी गेली आणि..."

"तोच." काकूंनी कढीपत्ता ओच्यात टाकला. "सँटा फेला राहायचे, न्यू मेक्सिकोत. बेट्सी अराकावा, पियानो वाजवणारी, हवाईची. १९९१ ला लग्न केलं. ही त्याची दुसरी. गेल्या काही वर्षांत त्याला अल्झायमर झालेला, सगळं तीच बघायची. २०२५ च्या फेब्रुवारीत तिला हंताव्हायरस झाला, उंदरांमुळे होतो तो, आणि ती घरातच गेली. हा त्यानंतर जवळजवळ आठवडाभर होता त्या घरात. हृदय थांबलं. सव्वीस तारखेला कळलं लोकांना. पंच्याण्णव वर्षांचा."

"आठवडाभर म्हणजे..."

"कुणाला ठाऊक त्याला काय समजत होतं. त्यावर जगभर इतकं चघळलं लोकांनी की नको झालं. मला विचारशील तर मी त्या घराचं एक चित्रही बघितलं नाही. जो आपला एकांत इतका जपायचा, त्याचं ते." मग त्यांनी मान झटकली. "सूप राहिलं."

आणि सूप आलं.

'यंग फ्रँकेन्स्टाइन', तोही १९७४ चाच. जीन वाइल्डर हा हॅकमनचा टेनिसचा जोडीदार. हॅकमन त्याला म्हणाला, मला विनोदी काम करायचंय, आहे का काही? मग आंधळ्या संन्याशाचं काम मिळालं, जेमतेम काही मिनिटांचं, आणि सुरुवातीला नावसुद्धा नाही लावलं. पांढरी दाढी, डोक्यावर केसांचा टोप, ओळखू येत नाही. झोपडीत राक्षस शिरतो. आंधळ्याला आनंद, पाहुणा आला! पळीभर उकळतं सूप वाढतो ते थेट पाहुण्याच्या मांडीवर. मग प्याल्याला प्याला भिडवतो तो फुटतो. मग चिरूट पेटवून देतो म्हणून राक्षसाचा अंगठा पेटवतो.

"आणि राक्षस कोण?" काकूंचे डोळे चमकले.

"पीटर बॉइल?"

"पीटर बॉइल! ज्याने पॉपाय डॉईल नाकारला!"

मला वाटतं हे काकूंना हॅकमनच्या दोन्ही ऑस्करांपेक्षा जास्त आवडतं. यात कुणी सूड घेतला नाही, कुणी ठरवलं नव्हतं, पण भिंतीवरच्या गप्पांना इतकी बांधेसूद गोष्ट सहसा मिळत नाही.

"मिशीचं सांग," काका.

"'सुपरमॅन'च्या वेळी याला मिशी काढायची नव्हती. दिग्दर्शक रिचर्ड डॉनर म्हणाला, तू काढ, मीही माझी काढतो. याने काढली. मग डॉनरने आपली मिशी धरून ओढली. खोटी होती, चिकटवलेली! चिडला, पण हसला म्हणे. त्या काळात त्याने पैशासाठीही बरीच कामं केली, लपवायचा नाही. आपण तरी कुठे सगळं हौसेने करतो? पण पैशासाठी केलेल्या कामातही तो पाट्या टाकताना दिसत नाही मला. सिनेमा टाकाऊ असतो, हा नसतो."

"रागीट होता म्हणतात."

"भयंकर. 'गेट शॉर्टी'च्या वेळी जॉन ट्रव्होल्टा संवाद पाठ न करता आला, तर याचा पारा चढला. दिग्दर्शक म्हणाला, राग त्याचा आहे ना, मग माझ्यावर काढा हवा तेवढा. याने काढला! आणि 'द रॉयल टेनेनबाम्स'. वेस अँडरसनने ते काम याच्यासाठीच लिहिलं होतं. हा नको नको म्हणत होता. आला, तो रोज त्या पोरावर खेकसतोय. पँट वर ओढ आणि पुरुषासारखा वाग, हे दिग्दर्शकाला, सेटवर! बिल मरे बिचारा आपलं काम नसताना सेटवर येऊन बसायचा, पोराला आधार म्हणून."

"आणि तुम्हाला असा माणूस आवडतो?"

काकूंनी यावर विचार केला. हे क्वचित घडतं.

"शेजारी म्हणून नको," त्या म्हणाल्या. "पण तो टेनेनबाम म्हणजे पोरांना टाकून गेलेला बाप आहे, म्हातारपणी खोटा आजार सांगून घरात शिरतो. आता टाकून गेलेल्या बापाचं काम कुणाला करायला लावतायस? तो चिडला नसता तरच नवल. तरुणपणी 'आय नेव्हर सँग फॉर माय फादर' केलेला त्याने, बापावर प्रेम करता येत नाही अशा मुलाचा. तिथून इथवर, मुलाचा बाप झाला. मी काही मानसशास्त्रज्ञ नाही बाई. पण तो म्हातारा लबाड आहे, हलकट आहे, आणि नातवंडांना घेऊन रस्त्यावर उनाडायला जातो तेव्हा त्याच्यासारखा आनंदी माणूस नाही. याने त्याला कुठेही चांगला करून दाखवला नाही. माझ्यावर प्रेम करा हो, असं पडद्यावरून एकदाही म्हणाला नाही हा माणूस. बाकीचे म्हणतात. मोठमोठे म्हणतात."

मला आठवलं, 'अनफर्गिव्हन'मध्येही हेच आहे. मी तसं म्हटलं, आणि काकूंना जणू नवी बॅटरी घातली.

"लिटल बिल! तो तर काय. गावचा शेरीफ. गावात बंदूक आणायची नाही हा त्याचा नियम. नियम चांगलाच आहे की! आणि नियम मोडणाऱ्याला लाथांनी तुडवतो, भर रस्त्यात, सगळ्यांना दिसेल असं, मास्तराने धडा शिकवावा तसं बोलत बोलत. स्वतःचं घर बांधतोय हौसेने. सुतारकाम अजिबात येत नाही. पाऊस पडतो आणि छप्पर दहा ठिकाणी गळतं. खाली भांडी ठेवलीयत आणि हा पाहुण्याला आपल्या शौर्याच्या गोष्टी सांगतोय. गळक्या छपराखाली खुर्चीत बसलेला खुनी माणूस, आणि चेहऱ्यावर समाधान. मरताना तक्रार काय, तर माझं घर बांधायचं चाललं होतं. त्याला खरंच वाटतं की आपण भला माणूस आहोत. हॅकमनने ते खरंच वाटू दिलंय."

"तेही काम आधी नाकारलं होतं," काका म्हणाले. "मारामारीचे, रक्ताचे सिनेमे आता पुरे, असं ठरवलं होतं. क्लिंट ईस्टवूडने समजावलं, हा सिनेमा हिंसेची भलामण करणारा नाही, उलट आहे. मग आला."

"आणि दुसरं ऑस्कर घेऊन गेला, १९९३ मध्ये," काकू म्हणाल्या.

"तरी मग सगळं सोडलंच ना?"

"२००४ नंतर एकही सिनेमा नाही. निरोपाचा समारंभ नाही. डॉक्टर म्हणाले, हृदयाला हा ताण नको. संपलं. सँटा फेला चित्रं काढली, कादंबऱ्या लिहिल्या. ऐतिहासिक, समुद्रावरच्या, यादवी युद्धातल्या. एकदा कुणीतरी विचारलं, पुन्हा काम कराल का? तर म्हणाला, माझ्याच घरात करायचं असेल, काही हलवायचं नसेल, आणि एक-दोनच माणसं येणार असतील, तर बघू." काकू हसल्या. "हॅरी कॉलच की."

आतून आमच्याकडे कसलासा करपल्याचा वास यायला लागला होता. गॅस तर मी बंद केला होता. काकूंनीही नाक वर केलं आणि आपल्या स्वयंपाकघराकडे बघितलं, पण हलल्या नाहीत.

"तुमचं दूध असेल," मी म्हटलं.

"असेल. तू आज रात्री 'फ्रेंच कनेक्शन' लाव. पिझ्झा बघ, गाडी नंतर. मग 'स्केअरक्रो', अल पचिनोबरोबरचा, १९७३ चा. त्यात तो अंगावर कपड्यांवर कपडे चढवून फिरतो, थंडी वाजते म्हणून. मग 'मिसिसिपी बर्निंग'. 'हूजियर्स' मुलाबरोबर बघ, त्यात बास्केटबॉल आहे. 'वेलकम टू मूसपोर्ट' मात्र बघू नकोस."

"तो शेवटचा ना?"

"म्हणूनच. अशा माणसाने जाता जाता असला सिनेमा करावा!"

"मला आवडला होता तो," काका व्हरांड्यातून म्हणाले.

"बघ," काकू म्हणाल्या, "यांना आवडला होता," आणि माझं दुसरं लिंबू घेऊन दूध बघायला गेल्या.